बारीक कोण झालं?

मी पोहण्याचा पोशाख बोलतोय. ऐकायचं असेल तर थोडं जवळ या, कारण मी एका जागी राहत नाही. सध्या गॅलरीतल्या दोरीवर दोन चिमट्यांना लटकतोय, खालून पाणी गळतंय, आणि वारा मला कधी आत तर कधी बाहेर ढकलतोय. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. ताणून घातलं की मला आखडावंसं वाटतं, पिळलं की पसरावंसं वाटतं, आणि वाळत घातलं की परत पाण्यात जावंसं वाटतं. आज तर जरा जास्तच चुळबुळ होते आहे, कारण फार दिवसांनी मी ओला झालो आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे यंत्रांचा एवढा आवाज होता की माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत. माझ्या कापडात दोन तऱ्हेचे धागे आहेत. एक साधा आणि चिवट. दुसरा रबरासारखा, ओढला की लांबणारा आणि सोडला की जागेवर येणारा. माझा सगळा गुण त्या दुसऱ्या धाग्यात आहे, आणि पुढे जो घोळ झाला तोही त्याच्याच पायी. मला गडद निळ्या रंगात कापलं, दोन्ही कुशींना पोपटी पट्टी लावली, बाह्या कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत ठेवले. तपासणाऱ्या बाईंनी मला दोन्ही मुठींत धरून जोरात ताणलं आणि सोडून दिलं. मी फटकन जागेवर आलो. त्यांनी मान डोलावली.

तिथून मी दुकानात आलो. पोहण्याचा पोशाख घ्यायला आलेल्या माणसांइतकी अवघडलेली माणसं दुसऱ्या कुठल्या दुकानात नसावीत. आधी आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना ते बघायचं. मग अंगातल्या कपड्यांवरूनच मला समोर धरायचं, आरशात बघायचं, आणि बघताना पोट आत ओढून घ्यायचं. बरेचजण आपल्या मापापेक्षा एक माप लहानच मागत. दुकानदारानं शंका काढलीच तर म्हणत, "बसेल पुढे. पोहायला लागल्यावर बसेलच की." मी मोठ्या मापाचा. माझ्याकडे फारसं कोणी वळून बघत नसे. बघितलं तर शेजारच्याला कोपर मारून बघे.

ताई आल्या त्या दिवशी मात्र निराळंच झालं. ताई शिवणकाम करतात. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान आहे. त्यांनी मला हातात घेतलं आणि आरशाकडे न जाता मला उलटं केलं. शिवणीवरून बोट फिरवलं, नखानं टाका उचकून पाहिला, बगलेतली जोडाची पट्टी ओढून पाहिली. "शिवणीत पुढे उसवून वाढवायला माया काहीच ठेवलेली नाही," त्या बरोबर आलेल्या भावजयीला म्हणाल्या, "पण टाका बरा आहे." मोठंच माप मागितलं, कमी-जास्त काही केलं नाही. मला त्या तिथेच आवडल्या.

घरी आल्यावर कळलं की माझी खरेदी हौसेची नव्हती.

ताईंना एक धाकटा भाऊ. लहानपणापासून काडीसारखा, म्हणून ताई त्याला बारक्या म्हणतात. त्याचं लग्न झालं, तो बस चालवायला लागला, तरी नाव बदललं नाही. एकाच घरात राहतात, पुढे ताई आणि त्यांचं मशीन, मागे बारक्या आणि त्याची बायको. बारक्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड तो दवाखान्यात जाई, तिथलं यंत्र त्याचं रक्त धुऊन देई, आणि तो पिळलेल्या फडक्यासारखा घरी येई. बसचं स्टिअरिंग सुटलं होतं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं. त्यासाठी एक छोटं भांडं ठरवलेलं. सकाळी ते भरायचं, आणि रात्रीपर्यंत त्याच्यातच भागवायचं.

ताईंची किडनी त्याला जुळत होती. ताई लगेच तयार होत्या, पण डॉक्टर तयार नव्हत्या. ताईंचं वजन बघून त्यांनी सरळ सांगितलं की एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही, भूल देताना धोका असतो आणि उरलेल्या एका किडनीवर पुढे भार पडतो. बारा किलो उतरवून तीन महिन्यांनी या. ताईंचे गुडघे जन्मभर मशीनचं पायडल मारून कुरकुरत होते, चालायला गेलं की सुजत. डॉक्टर म्हणाल्या, पोहा, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही.

ताईंना पोहता येत नव्हतं. त्यांनी आधी मला विकत घेतलं आणि मग तलावावर नाव घातलं.

पहिल्या दिवशी त्या कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल गुंडाळून बराच वेळ बसून राहिल्या. मी अंगावर होतो, पण टॉवेलाखाली. बाहेर यायला धीर होईना. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनीच दारातून हाक मारली, "ताई, पाण्याला डोळे नसतात, या तुम्ही." ताई टॉवेल काठापर्यंत घेऊन गेल्या आणि शेवटच्या क्षणी सोडला. पाणी माझ्यात शिरलं, मग त्यांच्या अंगाला लागलं, आणि त्यांच्या तोंडातून असा आवाज निघाला की काठावरचा राखणदार उठून उभा राहिला.

पण पाण्यानं त्यांना उचललं. एवढ्या वर्षांत गुडघ्यांवरचं ओझं कोणी उचललं नव्हतं. त्या दोन्ही हात पसरून नुसत्या तरंगत राहिल्या, आणि डोळ्यांच्या कडांतून जे वाहिलं ते तलावातल्या पाण्याहून गरम होतं. मी गळ्याशी असतो, मला कळतं.

ताई पोहायला शिकल्या. म्हणजे मान पाण्याबाहेर, हात पुढे नेऊन बाजूला, पाय बेडकासारखे, असं सावकाश पुढे जायला शिकल्या. एक फेरी झाली की उथळ कोपऱ्यात थांबायच्या. तिथे चार-पाच बायका गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारत. ताईही त्यात मिसळल्या. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या साहेबाचं, सगळं तिथे निघे. तास संपायच्या आत आणखी एखादी फेरी होई. मग सगळ्याजणी "आज काय थकले बाई" म्हणत बाहेर पडत.

आणि बाहेर पडलं की भूक. पाण्यातून निघालेल्या माणसाची भूक मी जवळून पाहिली आहे. चालून आलेला माणूस पाणी मागतो, पोहून आलेला माणूस समोर दिसेल ते मागतो. गार पाण्यानं अंग थंड पडलेलं असतं, पोटात खड्डा पडलेला असतो. आणि तलावाच्या फाटकासमोर एक गाडी उभी असते, त्यावर गरम तळलेले बटाटे, लोणी लावलेला पाव, भरपूर साखरेचा चहा. कोपऱ्यातल्या बायकांचं मत असं होतं की पोहून आल्यावर खाल्लेलं अंगी लागत नाही. मी पिशवीत ओला गोळा होऊन पडलेलो असे आणि वरून चावण्याचे आवाज ऐकत असे. पाण्यात जेवढं जळलं असेल त्याच्या दुप्पट पोटात चाललं आहे, हे मला समजत होतं. माझ्याइतकं त्या पोटाच्या जवळ दुसरं होतं तरी कोण?

घरात वजनाचा काटा होता. तो बारक्यासाठी आणलेला. त्याच्या अंगात पाणी साचलं की वजन चढे, म्हणून त्यानं रोज त्याच्यावर उभं राहायचं. आकडा वाढला की घरातले सगळे आवाज बंद होत, त्याची बायको गॅस बारीक करून उगाच भांडी लावत बसे. ताईंनी त्या काट्याचा धसका घेतला होता. तो दिसला की त्या मान वळवत. बारक्या म्हणाला, तू पण उभी राहत जा की. ताई म्हणाल्या, तो तुझा आहे, मी आपली महिने भरले की डॉक्टरांच्याच काट्यावर चढेन.

मग वजन उतरतंय की नाही ते कळावं कसं? ताई घरी ढगळ कपडे घालतात, स्वतःच शिवलेले, कमरेला नाडी. त्यांना अंगाचं माप कधी कळत नाही. घट्ट असा त्यांच्याकडे एकच कपडा होता, आणि तो म्हणजे मी.

इथे मला ताईंच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्याकडे रोज कोणी ना कोणी आवळलेला कपडा घेऊन येतं आणि न चुकता म्हणतं, "धुण्यात आटला हो." विजार आटलेली असते, कोट आटलेला असतो, एकदा तर एका गृहस्थांचा कातडी पट्टाही आटला होता. ताई गंभीर चेहऱ्यानं "आटतात, आटतात" म्हणतात, शिवण उसवतात, माया सोडतात, आणि गिऱ्हाईक जिना उतरलं की मशीनवर डोकं टेकून हसतात. कापड खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं त्या भावजयीला सांगतात.

अशा बाईंनी मला माप म्हणून धरलं.

आणि मी सैल होऊ लागलो. तलावाच्या पाण्यात जंतू मरावेत म्हणून औषध टाकतात. तो उग्र वास सगळ्यांना माहीत आहे, पण ते औषध आणखी कशाकशाला मारतं याचा विचार कोणी करत नाही. माझा तो रबरासारखा धागा त्यात रोज थोडा थोडा मरत होता. वर घरी आल्यावर ताई मला करकचून पिळत आणि भर उन्हात टाकत. त्यांनी साध्या पाण्यातून मला काढलंच नाही. सुती कापडाची सवय. माझं आतलं अंग विरत चाललं, ताणलं की परत यायला मला वेळ लागू लागला, मग यावंसंच वाटेना.

एका सकाळी कपडे बदलताना ताईंनी माझ्या कमरेशी चिमूट घातली. चिमटीत कापड आलं. त्यांनी दुसऱ्या बाजूला घातली, तिथेही आलं. त्यांनी आरशात पाहिलं, वळून पाठमोऱ्या पाहिलं, आणि जशा हसल्या, तसं मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यात थोडं खरंही होतं, नाही असं नाही. दंड घट्ट झाले होते, जिना आता एका दमात चढत होत्या, रात्री गुडघे चोळत नव्हत्या. पण चिमटीत जे आलं होतं ते माझं होतं, त्यांचं नव्हतं. मी त्यांच्या अंगावर असून ओरडत होतो, पण कापडाचा आवाज फाटल्याशिवाय कोणाला ऐकू येतो?

त्या दिवशी फाटकासमोर त्यांनी बटाटे दोनदा घेतले.

घरी येऊन बारक्याला म्हणाल्या, बघशील तू, तीन महिन्यांची वाट बघायलाच नको. बारक्या हसला. रक्त धुऊन आल्यावर तो फार बोलत नसे. पण चांगल्या दिवशी एकदा तो ताईंबरोबर तलावावर आला आणि काठाच्या बाकावर बसला. समोरच्या त्या सगळ्या निळ्या पाण्याकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. त्याचे ओठ सुकलेले होते, आणि पिशवीत त्याचं भांडं होतं, अर्धं. त्यानं एक घोट घेतला, तोंडात धरला, आणि गिळायला खूप वेळ लावला. मी ताईंच्या अंगावर, पाण्यात नखशिखान्त बुडालेला. मला कुठे लपू असं झालं.

ताई फेरी मारून काठाशी आल्या तेव्हा तो म्हणाला, "ताई, गाडी पहिल्या गिअरमध्येच चालवतेस तू. डिझेल जळायचं कधी?"

"तुझ्या बसपेक्षा बरी चालते."

"माझी बस थांब्यावर थांबायची. तू तर थांब्यावरच उभी आहेस, गप्पा मारत." आणि मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, "एकदा काट्यावर उभी राहा ना. माझ्यासाठी."

ताईंनी माझी कमर चिमटीत धरून त्याला दाखवली. "हे बघ. कापड खोटं बोलत नाही." बारक्यानं भांडं परत पिशवीत ठेवलं.

तीन महिने भरले. त्या दिवशी मी घरी दोरीवर होतो, त्यामुळे दवाखान्यात काय झालं ते मी पाहिलं नाही. ताई नवी पिशवी घेऊन, वेणी नीट घालून गेल्या आणि दुपारी परत आल्या. पिशवी कोपऱ्यात ठेवली, मशीनवर बसल्या, अर्धवट राहिलेली विजार घेतली, आणि सुई न ओवताच पायडल मारत राहिल्या. भावजयीनं मागच्या खोलीत बारक्याला दबक्या आवाजात सांगितलं ते मी ऐकलं. बारा किलोंतलं जेमतेम पिशवीभर बटाट्यांएवढं उतरलं होतं. डॉक्टरांनी रक्तदाब सुधारल्याचं कौतुक केलं, पण तारीख पुढे ढकलली. आणि बारक्याचे हात सुया टोचून टोचून असे झाले होते की यंत्र लावायला नवीन जागा सापडत नव्हती. पुढे ढकलायला त्याच्याकडे फारसं काही उरलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं ताई उठल्या. गॅलरीत आल्या, मला दोरीवरून ओढलं आणि आत नेऊन खिडकीच्या उजेडात दोन्ही मुठींत धरून ताणलं. जन्मल्या दिवशी त्या तपासणाऱ्या बाईंनी ताणलं होतं, अगदी तसं. मग सोडलं. मी जागेवर आलो नाही. तसाच लोंबत राहिलो. त्यांनी मला उलटं केलं, बोटांवर पसरून उजेडासमोर धरलं. विरलेल्या जागी पांढरे, मेलेले धाग्यांचे तुकडे केसांसारखे वर आले होते. शिवणकाम करणाऱ्या बाईला आणखी काही सांगावं लागत नाही.

बारक्या दारात येऊन उभा राहिला होता.

"गिऱ्हाईकं म्हणतात, कपडा आटला," ताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "मी हसते त्यांना. आणि मला काय वाटलं, तर मीच आटले."

"मग बारीक कोण झालं?"

"कोणीच नाही. हा सैल झाला."

बारक्याला हसू आलं. मग ताईंना आलं. दोघंही हसत होते आणि ताईंचे डोळे भरून चालले होते. मग बारक्या खाली बसला आणि म्हणाला, "ताई, सोड आता. माझ्यापायी तुझे हाल नकोत. पाण्यात जायला आवडतं तुला, तर नुसती मजेत जा. चहा पी, बटाटे खा. माझं काय व्हायचं ते होईल."

ताईंनी मला मशीनवर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "तुझं ते भांडं कुठाय?"

"का?"

"दे इकडे." त्यांनी ते भांडं हातात घेऊन आतून-बाहेरून पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होत्या. "तू इतके दिवस एवढ्यावर काढतोयस. एकदा तरी म्हणालास, सोडतो म्हणून? तू पाणी मोजतोस ना, मी ताट मोजेन. आण तो काटा."

"आत्ता?"

"आत्ता. आधी तू चढ."

"मी कशाला? मी सकाळीच चढलोय."

"एकटीला भीती वाटते मला," ताई म्हणाल्या.

आधी तो चढला, मग ताई चढल्या. आकडा दोघांनी मिळून वाचला. घरातला एकही आवाज बंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तलावावरच्या शिकवणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं, मलाही दाखवलं. बाईंनी मला बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "पाण्यात जाणं आणि पोहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ताई. आत्तापर्यंत तुम्ही पाण्यात जात होता." मग त्यांनी ताईंचं तोंड पाण्यात घालायला लावलं. फळीला धरून नुसते पाय मारायला लावले. तलावाची एक लांबी जोरात, मग थोडा दम, मग परत जोरात. ताईंचं काळीज माझ्याखाली असं धडधडू लागलं की मला वाटलं शिवण उसवते आता. कोपऱ्यातल्या बायका म्हणाल्या, एवढी घाई कसली बाई. ताईंनी उत्तर दिलं नाही, त्यांच्या तोंडात पाणी होतं.

फाटकासमोरून त्या मान खाली घालून जात. पिशवीत एक उकडलेलं अंडं आणि एक सफरचंद ठेवायच्या, बाहेर पडताच ते खायच्या, म्हणजे घरापर्यंत भूक आवरे. साखर सुटली. ताट लहान झालं. सकाळी दोघं भावंडं काट्याशी रांग लावत. बारक्या म्हणे, बस सुटते, चला, पुढे सरका. कधी दोघांचा आकडा वाढलेला असे, तेव्हा दोघं मिळून काट्याला शिव्या घालत.

वजन उतरलं, पण सरळ रेषेत नाही. पहिल्यांदा भरभर गेलं, मग अडून बसलं. अडलं त्या दिवसांत ताई चिडचिड्या झाल्या, एका गिऱ्हाइकाला तर तोंडावर म्हणाल्या, "कपडा आटला नाही, तुम्ही वाढलात." मग पुन्हा थोडं हललं. पोहण्यानं वजन उतरतं का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण लगेच पुढे विचारेन की पाण्यात काय करता, आणि बाहेर आल्यावर तोंडाचं काय करता. पाणी माणसाला हलकं वाटायला लावतं. हलकं करत नाही. ते काम ज्याचं त्यानं करायचं असतं.

मी मात्र आता ताईंच्या अंगावर नुसता फडफडत होतो. पाय मारला की पाण्यात फुग्यासारखा फुगे आणि त्यांना मागे ओढे. पाठीशी गाठ मारून काही दिवस चाललं. मग एके दिवशी नवा आला, काळा, माझ्यापेक्षा दोन मापं लहान. तो ताईंच्या अंगावर चढला तेव्हा चिमटीत कापड आलं नाही. मला दाराआडच्या खिळ्याला अडकवलं. फेकलं नाही, एवढंच.

ठरलेला आकडा आला तेव्हा मी कोरडाच होतो. दोघं ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेले. घर बंद. मशीनवर कापड झाकलेलं. काळा माझ्या शेजारच्या खिळ्यावर तोऱ्यात लटकत होता, त्याच्याशी काय बोलणार? कुलूप वाजलं की मी सगळा कान होई. बारक्याची बायको येई, कपडे घेई, दोन घास उभ्यानं खाई, आणि जाई. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. एकदा ती स्वयंपाकघरात बारक्याचं ते छोटं भांडं हातात घेऊन उभी राहिली, आणि रडली. मी रात्रभर खिळ्यावर उलटसुलट झालो. कोणासाठीचं रडणं होतं ते? सुखाचं की दुःखाचं?

मग एका दुपारी जिन्यावर चौघांचे पाय वाजले, फार हळू. आधी ताई आल्या, कुशीवर हात ठेवून. मागून तोंडावर मास्क लावलेला बारक्या, बायकोचा खांदा धरून. शेवटी सामान घेऊन शेजारी. बारक्याच्या हातात पाण्याची मोठी बाटली होती. आणि ताई आत येता येता काय म्हणाल्या, तर "बसू नकोस नुसता, पी."

आता डॉक्टरांनी त्याला भरपूर पाणी प्यायला सांगितलं आहे. आणि गंमत अशी की त्याची सवयच गेली आहे. दोन घोट घेतो आणि बाटली खाली ठेवतो, चोरी केल्यासारखा.

ताईंची जखम भरली. डॉक्टरांनी पाण्यात जायला परवानगी दिली, पण अंगावर दाब नको म्हणाल्या. काल संध्याकाळी ताईंनी तो काळा घालून पाहिला. त्याची घट्ट शिवण नेमकी व्रणावर बसली, आणि त्यांनी दात आवळून तो लगेच काढला. मग खोलीत इकडेतिकडे पाहिलं. दाराआड पाहिलं.

मला मशीनवर आडवं केलं. सुई बदलून बारीक घातली, नागमोडी टाका लावला. खांदे आत घेतले, पाय आत घेतले, आणि कूस, जिथे मी सगळ्यात जास्त विरलो आहे, ती तशीच सैल ठेवली. काम करताना माझ्याशी बोलल्यासारखं पुटपुटल्या, "इथे असाच राहा."

आज सकाळी आम्ही पाण्यात होतो. सावकाश, पहिल्याच गिअरमध्ये. मी त्या व्रणावर नुसता टेकलो होतो, दाबलं नाही. बारक्या मास्क लावून बाकावर, लोकांपासून दूर. प्रत्येक लांबीनंतर ताई काठ धरून वर बघत आणि म्हणत, "घोट घेतलास?" तो बाटली वर धरून दाखवी. पाणी थोडं खाली गेलेलं असे. मग त्या पुढच्या लांबीला वळत.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. मला ताणून, चिमटीत धरून स्वतःला जोखू नका, मी कापड आहे, मलाही म्हातारपण येतं. काट्याला घाबरू नका, आणि एकट्याला भीती वाटली तर कोणाला तरी बरोबर घेऊन चढा. आणि तलावातून आलात की मला साध्या पाण्यातून काढा, सावलीत टाका. ताईंनी आज टाकलंय तसं.

वारा वाढलाय. माझं पाणी थेंब थेंब खालच्या फरशीवर पडतंय. आत ताई उद्याची पिशवी भरताहेत. टॉवेल, टोपी, सफरचंद. मागच्या खोलीतून नळाचा आवाज येतोय, बारक्या बाटली भरतोय. बराच वेळ झाला, नळ चालूच आहे.